टोचन लावण्याआधी

कोहमाऱ्याहून गोरेगावकडे जाणारा रस्ता घ्या. जुलै सरत आलेला, रोवणी ऐन भरात. दोन्ही अंगांना बांध्या काठोकाठ भरलेल्या, बायका वाकून पऱ्हे रोवताहेत. या रस्त्याने एक छोटी मोटार ताशी साठच्या वेगाने निघाली आहे. मागच्या काही किलोमीटरपासून पुढच्या डाव्या अंगाने टक् टक् आवाज येतो आहे. चालवणाऱ्याने त्यावर गाण्याचा आवाज वाढवून उपाय केला आहे. मग एकाएकी मोटारीचा डावा कोपरा खाली बसतो, डांबरावर लोखंड घासल्याची किंकाळी उठते आणि मोटारीला मागे टाकून एक चाक एकटेच पुढे धावत सुटते. धुऱ्यावर आपटून ते उसळते आणि नुकत्याच रोवलेल्या बांधीत जाऊन पडते.

प्रसंग मी रचलेला आहे. त्याच्या पुढचा भाग मात्र रचावा लागत नाही, आपल्याकडे तो ठरलेलाच असतो. पाच मिनिटांत दहा माणसे जमतात. कोणी पाणी आणून देतो, कोणी चाक शोधायला चिखलात उतरतो आणि चिखलणी आटोपून परतणारा ट्रॅक्टरवाला थांबून विचारतो, "दोर आहे का जी? टोचन करून गोरेगावले नेऊन देतो." मनापासून केलेली ही मदत या एका प्रसंगात मात्र हात जोडून नाकारावी लागते.

'टोचन' हा शब्द कोशात शोधू नका, ढाब्यावर शोधा. इंग्रजीतल्या 'टो-चेन'चे ड्रायव्हर लोकांनी घासून गुळगुळीत केलेले हे रूप असावे. टोचन म्हणजे बंद पडलेल्या गाडीला साखळीने किंवा दोराने दुसऱ्या गाडीमागे बांधून नेणे. इंजिन बंद पडले, डिझेल संपले, बॅटरी उतरली, क्लच गेला, तर टोचन चालते. कारण या सगळ्या दुखण्यांत गाडीची चारही चाके शाबूत असतात. दोर फक्त एकच काम करतो, इंजिनाच्या ऐवजी गाडीला पुढे खेचतो. बाकीची कामे गाडी स्वतःच करत असते.

ही बाकीची कामे कोणती, ते पुढचे चाक गेल्यावर कळते. मोटारीचे पुढचे चाक एकाच वेळी चार नोकऱ्या करते. ते वजन पेलते, गडगडते, वळते आणि थांबवते. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिनाची ताकदही पुढच्याच चाकांना जाते, म्हणजे पाचवी नोकरी. भारतात हा बदल सर्वसामान्यांच्या दारात आणला तो डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने. त्याआधीच्या अँबॅसॅडर आणि पद्मिनी या गाड्यांत पुढची चाके वळवायची आणि मागची ढकलायची, अशी कामांची वाटणी होती. मारुतीने जवळजवळ सगळा संसार पुढच्या दोन चाकांवर टाकला. तेव्हापासून पुढचे चाक गमावणे जास्त महाग झाले.

चाक निखळले की त्याच्या जागी ब्रेकची डिस्क जमिनीला टेकते. छोट्या गाडीच्या चाकाची त्रिज्या साधारण २७-२८ सेंटिमीटर आणि डिस्कची त्रिज्या १२ च्या आसपास. म्हणजे तो कोपरा साधारण पंधरा-सोळा सेंटिमीटर खाली येतो. रस्ता आणि इंजिनाचे चेंबर यांच्यातले अंतरही मुळात जवळपास तेवढेच असते. आता गाडी तिरपी झाल्यामुळे चेंबर, लोअर आर्म, बंपर यांपैकी जे पुढे असेल ते रस्त्याला घासू लागते. अशा गाडीला दोर बांधून ट्रॅक्टर पुढे निघाला, तर ती गडगडणार नाही, नांगरासारखी ओढली जाईल. घासणारा कोपरा मागे रेटतो, दोर पुढे खेचतो आणि दोन्ही जोर एका रेषेत नसल्यामुळे गाडी मोडक्या अंगाकडे वळत जाते. डावे चाक गेले असेल तर ती डावीकडे, म्हणजे आपल्या उदाहरणात थेट बांधीच्या दिशेने. स्टिअरिंग धरून आत बसलेला माणूस उरलेल्या एका चाकाने ते किती सावरणार?

इथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. मोटारीचे मागचे एक चाक गेले तर ती कधीकधी तीन चाकांवर उभी राहू शकते. पुढचे गेले की नाही. कारण भूमितीत आहे. इंजिन पुढे असलेल्या छोट्या मोटारीचे साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असते. चौकोनी पाटाचे चार पाय डोळ्यांपुढे आणा. एक पाय काढला की उरलेल्या तीन पायांचा त्रिकोण होतो आणि पाट पडेल की उभा राहील, हे त्याचा भारमध्य त्या त्रिकोणात आहे की बाहेर यावर ठरते. वजन चारही कोपऱ्यांवर सारखे असेल तर भारमध्य नेमका कर्णावर येईल, म्हणजे पडू की राहू अशी अवस्था. मोटारीचा भारमध्य मात्र पुढे सरकलेला असतो. मागचे चाक काढले तर तो त्रिकोणाच्या आत पडतो, पुढचे काढले तर बाहेर. १९५५ साली पॅरिसमध्ये आलेली सित्रोएन डीएस ही फ्रेंच गाडी मागचे एक चाक काढूनही चालवता येत असे, तिच्या चाहत्यांना हे करून दाखवायला फार आवडते. तिच्या तेलावर चालणाऱ्या सस्पेन्शनचे त्यात श्रेय होतेच, पण पुढे झुकलेल्या वजनाचेही होते. पुढचे चाक काढून असा खेळ कोणी दाखवत नाही.

तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला थांबवा आणि आधी खाली वाकून बघा. 'चाक निघाले' या दोन शब्दांत निरनिराळी दुखणी लपलेली असतात आणि प्रत्येकाचे औषध वेगळे असते.

सगळ्यात सोपे दुखणे म्हणजे नट सैल होऊन गळून पडले, पण हबवरचे स्टड, म्हणजे ज्यांवर नट बसतात ते बोल्ट, सरळ आणि त्यांचे आटे शाबूत आहेत. मग गाडी ओढायचीच कशाला? डिकीत स्टेपनी आहे. नट कुठून आणायचे, याचे उत्तर जुन्या ड्रायव्हरांना तोंडपाठ असते. चार चाके, प्रत्येकी चार नट, एकूण १६. चार हरवले, उरले १२. उरलेल्या तीन चाकांचा एकेक नट काढला की प्रत्येक चाकाला तीन-तीन येतात. असे तीन नटांवर हळूहळू, वीस-तीसच्या वेगाने जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. टाटा नॅनो किंवा रेनॉ क्विड असेल तर हे गणित जमत नाही. त्यांच्या चाकांना मुळातच तीन-तीन नट. तीन हरवले की नऊ उरतात आणि चार चाकांना ते पुरवायचे म्हणजे कुणाला तरी दोनांवर भागवावे लागेल. तो धोका घेऊ नये. आणि कुठल्याही गाडीत उसनवारीचे नट लावण्याआधी डिस्ककडे नीट बघा. रस्त्यावर घासून ती वाकली किंवा तडकली असेल, ब्रेकचा रबरी पाइप फाटून तेल ठिबकत असेल, तर स्टेपनी बसली तरी गाडी चालवायची नाही. ब्रेकच्या नळ्यांची मांडणी बहुतेक छोट्या गाड्यांत कर्णाकर्णाने केलेली असते; डाव्या पुढच्या चाकाची नळी फुटली तर उजवे पुढचे आणि डावे मागचे यांचा ब्रेक उरतो. म्हणजे अर्धा ब्रेक. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला तो पुरतो, गोरेगावला जायला नाही.

दुसरे दुखणे, स्टडच तुटले आहेत. चार किंवा पाचांपैकी एखादाच तुटला आणि बाकीचे धड असले तर गोष्ट वेगळी, पण चाक निखळेपर्यंत वेळ आली म्हणजे बहुधा सगळ्यांनीच मान टाकलेली असते. नवे स्टड हबमध्ये ठोकून बसवावे लागतात. मिस्त्री स्टड घेऊन जागेवर आला तर तासाभराचे काम, नाहीतर गाडी उचलून न्यावी लागते.

तिसरे दुखणे ओळखायला सोपे आणि निस्तरायला कठीण. चाक गाडीलाच आहे, पण मडगार्डखाली वाकडे होऊन पसरले आहे. इथे नट बिचारे निर्दोष असतात. लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट सुटलेला असतो. हात खांद्यात नव्हे, मनगटात निखळावा तसे. चाक बाहेर झुकताना एक्सल सोबत ओढला जातो, कधी गिअरबॉक्समधून निसटतो आणि त्याच्या तोंडातून ऑइल वाहू लागते. या गाडीला चाक आहे म्हणून लोक हिला ढकलायला जातात आणि एक्सलचे उरलेसुरले सांधे तोडतात. चाक अजिबात नसलेल्या गाडीपेक्षा हिच्याशी जास्त जपून वागावे लागते. हबचे बेअरिंग जळून चाक हबसकट बाहेर आले असेल, तर तो प्रकारही याच वर्गातला. बेअरिंग मात्र एकदम दगा देत नाही. कितीतरी दिवस आधीपासून ते जात्यासारखे घरघरत असते.

नट सैल का होतात, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण बहुतेकांची यात एक चुकीची समजूत असते. चाक स्टडवर टांगलेले असते, असे आपण धरून चालतो. तसे नसते. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, ताणलेल्या रबरासारखा तो मागे यायला बघतो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. हा दाब केवढा असतो? छोट्या मोटारीचा नट साधारण १०० न्यूटन मीटरपर्यंत आवळतात, म्हणजे ४० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे २५ किलोचा जोर. तेवढ्याने १२ मिलिमीटर जाडीचा एक स्टड चाकाला सुमारे चार टन जोराने दाबतो. चार नटांचे १६ टन. या दाबामुळे चाक आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होते, ते चाकाला जागेवर ठेवते; स्टडवर आडवा मार जवळजवळ येतच नाही.

नट ढिला झाला की हा दाब जातो आणि खेळच बदलतो. आता चाक खरोखर स्टडवर टांगलेले असते आणि प्रत्येक फेऱ्याला त्याला थोडे वाकवते. २८ सेंटिमीटर त्रिज्येचे चाक एका किलोमीटरला सुमारे ५७० फेरे घेते. गोंदियाहून निघून ५० किलोमीटर गेलात की २८ हजारांहून जास्त वेळा स्टड वाकून सरळ झाला. तार पुढेमागे वाकवत राहिले की तुटते, हे लहानपणी प्रत्येकाने करून पाहिलेले असते. तो टक् टक् आवाज म्हणजे हीच मोजणी.

पंक्चर काढल्यावर चाक जॅकवर असतानाच नट आवळून मोकळे होणे, हे याचे नेहमीचे कारण. अधांतरी चाक पान्याबरोबर फिरते, त्यामुळे पुरेसा जोर लागत नाही. गाडी जमिनीवर उतरवल्यावर, समोरासमोरचे नट घेत, पुन्हा एकदा आवळावे लागतात आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत तपासावे लागतात. आमच्याकडे आणखी एक कारण आहे, चिखल. हब आणि चाक यांच्यामध्ये वाळलेल्या मातीचा पापुद्रा राहिला की नट घट्ट वाटतो. दोन दिवसांत ती माती भुगा होऊन गळते आणि तेवढी फट पडते. उलटा अतिरेकही वाईट. पान्यावर उभे राहून उड्या मारणारे वीर प्रत्येक टायरच्या दुकानात असतात. ६० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या पान्यावर नुसता उभा राहिला तरी पावणेदोनशे न्यूटन मीटर होतात. उडी मारली की स्टड कायमचा लांबतो आणि त्याची दाबून धरायची ताकद जाते.

डावेच चाक का, हाही प्रश्न रास्त आहे. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे सायकल दुरुस्त करणारा प्रत्येक जण जाणतो. सरळ आटे दिले तर चालता चालता ते पॅडल आपोआप सुटते. थोड्या ढिल्या नटाचेही असेच होते. गाडी पुढे जाताना डावे चाक बाहेरून पाहिले तर घड्याळाच्या उलट फिरते आणि सरळ आट्यांचा नट सुटतो तोही त्याच दिशेने. अमेरिकेतली क्रायस्लर कंपनी १९७० च्या आसपासपर्यंत आपल्या मोटारींच्या डाव्या चाकांना उलट्या आट्यांचे नट देत असे. पण लोक सोडायची दिशा समजून तेही आवळत आणि स्टड मोडून बसत, म्हणून ती पद्धत मागे पडली. नट मुळात नीट आवळला असेल तर दिशेने काही फरक पडत नाही.

आता गाडी उचलण्याकडे वळू. दोराच्या आधी जॅक. आणि जॅकच्या आधी माती.

गोंदिया-भंडाऱ्याचा शेतकरी मातीला तिच्या नावाने ओळखतो: कन्हार, मोरंड, सिहार, बरडी. धान पिकवणाऱ्या जमिनीत पाणी साठून राहावे, हीच तर सगळी खटपट. रस्त्याची बाजूपट्टी त्याच मातीची आणि पावसाळ्यात तिची अवस्था बांधीहून फार वेगळी नसते. गाडीसोबत येणाऱ्या जॅकचा तळ तळहाताएवढा, ८० चौरस सेंटिमीटर धरा. त्यावर गाडीच्या एका कोपऱ्याचे ३०० किलो आले की दर चौरस सेंटिमीटरला पावणेचार किलो दाब होतो. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला तर हाच दाब पाव-अर्धा किलोच्या आत असतो. म्हणजे जिथे आपला पाय घोट्यापर्यंत रुततो, तिथे जॅक गाडीला वर नेत नाही, स्वतः खाली जातो. उपाय साधा आहे. एक फूट लांब-रुंद जाड फळी जॅकखाली घातली की तोच दाब दहापटीहून जास्त खाली येतो, एका पायावर उभ्या असलेल्या माणसाइतका. डिकीत तेवढा फळीचा तुकडा ठेवायला काही लागत नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंग घालायचे नाही, हे सांगावे लागू नये, पण लागते. कोपरा वर आला की हबजवळ आणि उंबऱ्याखाली लाकडी ठोकळे रचावेत आणि मागच्या चाकांना दगडाची अटक द्यावी. काम झाल्यावर ते दगड उचलून कडेला टाकायला विसरू नका. रस्त्याच्या मधोमध राहून गेलेले दगड रात्रीच्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेतात.

उचललेल्या मोटारीला दुसऱ्या मोटारीने न्यायची कल्पना एका ओढ्यात सुचली. १९१६ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात चॅटानूगा या गावी अर्नेस्ट होम्स नावाचा गॅरेजवाला राहत होता. त्याच्या मित्राची फोर्ड मॉडेल टी ओढ्यात उलटली. दोर, ठोकळे आणि बरीच माणसे लावून ती बाहेर काढता काढता दिवस गेला. होम्सने मग १९१३ च्या कॅडिलॅकवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवली. पहिल्या वेळी उचलणारी गाडीच डगमगू लागली, म्हणून तिला दोन्ही बाजूंना टेकू देणारे पाय जोडले. हीच टोइंग व्हॅनची पणजी. चॅटानूगात आज या धंद्याचे संग्रहालय आहे. होम्सची खरी अक्कल कप्पीत नव्हती, त्या पायांत होती. ओझे उचलणाऱ्याने आधी स्वतःचा तोल सांभाळावा लागतो, हे त्याच्या ध्यानात आले.

आज आपल्यापुढे तीन-चार मार्ग असतात. शहरात वाहतूक पोलिसांकडे दिसते ती गाडी पुढची दोन चाके चिमट्यात धरून उचलते. चाकच नसेल तर चिमटा धरणार कशाला? ती फक्त मागून उचलू शकते आणि मग मोडका कोपरा पुढे रस्त्यावरच राहतो. त्याखाली छोट्या चाकांची घडवंची, म्हणजे डॉली, घातली तरच हे जमते. आपल्या भागात डॉली क्वचितच मिळेल.

हायड्रा मात्र मिळेल. हायड्रा हे मुळात एस्कॉर्ट्स कंपनीच्या क्रेनचे नाव, पण डालड्यासारखे ते सगळ्याच छोट्या क्रेनना चिकटले. हायड्रावाला गाडी उचलतो झटक्यात, पण त्याच्याकडे दोन गोष्टींचा आग्रह धरायचा. साखळी नको, रुंद पट्टा हवा. आणि तो बंपरला नाही, क्रॉस मेंबरला म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या तुळईला घालायचा. बंपर प्लास्टिकचा असतो, त्याच्यामागे रेडिएटर. माझे आणखी एक मत आहे, ते हायड्रावाल्यांना आवडत नाही: लोंबकळती गाडी घेऊन हायड्राने रस्त्याने जाऊ नये. तिचे काम गाडी उचलून ट्रकवर ठेवण्यापुरते. ट्रकही बघून घ्यावा. छोटा हत्ती, म्हणजे २००५ साली आलेली टाटा एस, पाऊण टन माल नेण्यासाठी बनली. आजच्या बऱ्याच छोट्या मोटारी आठशे किलोच्या घरात जातात. टाटाचा चारशे सात ट्रक असेल तर चिंता नाही.

सगळ्यांत चांगला मार्ग म्हणजे फ्लॅटबेड, मागे उतार करून टेकणारा सपाट ट्रक. विंचची तार गाडीला अडकवून ती वर ओढून घेतात. गाडी ओढायचीच नाही असे म्हणता म्हणता शेवटी ओढायची वेळ आलीच, पण ती पंधरा-वीस फूट, मुंगीच्या वेगाने आणि मोडक्या कोपऱ्याखाली घसरणी घालून. साडेआठशे किलोची गाडी बारा अंशांच्या चढावर तीन चाकांनी गडगडत न्यायला सुमारे दोनशे किलोचा जोर पुरतो. चौथा कोपरा लोखंडावर लोखंड घासत चालला तर त्यात दीडशेची भर पडते आणि गाडी तिरपी फिरते ते वेगळे. म्हणून टोइंगवाले तिथे गुळगुळीत प्लास्टिकचा ठोकळा घालतात आणि त्यावर साबणाचे पाणी ओततात. रोवणीआधी चिखल सपाट करायला बैलांमागे फळी ओढतात, वर माणूस उभा असतो आणि तरी बैलांना ती जड जात नाही. तत्त्व तेच. विद्युत मोटार किंवा ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर फ्लॅटबेडला पर्यायच नाही. या गाड्यांची चालती चाके जमिनीवर फिरवत नेली तर मोटर किंवा गिअरबॉक्स कामातून जातो.

कायद्याने हे सगळे फार पूर्वीच एका वाक्यात सांगितले आहे. १९८९ च्या रस्ता नियमांत ओढल्या जाणाऱ्या गाडीबद्दल अट अशी होती: तिच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस बसलेला हवा, नाहीतर तिची वळणारी चाके रस्त्यापासून अधांतरी उचललेली हवीत. पुढचे चाक गेल्यावर पहिला पर्याय उरतच नाही. दोन गाड्यांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, दोर इतरांना दिसेल असा हवा, मागे पाटी हवी आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत, असेही त्यांत होते. २०१७ साली या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीत बसणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. इंजिन बंद असले की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली काढली तर ते कुलूपबंदही होते.

विम्याचे थोडक्यात. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत अपघातानंतर गाडी हलवण्याच्या खर्चाला १,५०० रुपयांची मर्यादा असते. रस्त्यावरच्या मदतीची वेगळी जोड घेतली असेल तर तिच्या अटी वेगळ्या. यांत्रिक बिघाड मात्र पॉलिसीत बसत नाही. म्हणून तुटलेला स्टड, फाटलेला पाइप, रस्त्यावरचा ओरखडा यांचे फोटो गाडी हलवण्याआधीच काढावेत.

राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, देवरी ते साकोली या पट्ट्यात हे घडले तर १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक आहे. क्रेन आणि रुग्णवाहिका त्याच व्यवस्थेत येतात. हा रस्ता नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांच्या मधून जातो, २०१३ च्या डिसेंबरात त्यांचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. रात्री इथे गाडी अडकली तर वाघाची भीती बाळगण्यापेक्षा मागून येणाऱ्या ट्रकची बाळगावी. चारही इंडिकेटर चालू, त्रिकोण बराच मागे आणि माणसे गाडीत नव्हे, रस्त्यापासून दूर, कठड्याच्या पलीकडे. झाडाच्या फांद्या रस्त्यावर टाकायची आपली जुनी पद्धत दिवसा ठीक, अंधारात फांदीला डोळे नसतात.

तोवर बांधीत उतरलेल्या पोराला चाक सापडलेले असते. ते चाक हातात घेताना त्याला कल्पना नसते की पंधरा किलोचे हे चाक ऐंशीच्या वेगाने निघाले असते, तर त्यातली ताकद चौथ्या मजल्यावरून पडणाऱ्या सिमेंटच्या गोणीएवढी भरली असती. साठच्या वेगालाही ती निम्म्याहून जास्त असते. बांधीत त्या वेळी त्या जागी कोणी वाकलेले नव्हते, एवढेच. रोवलेले पऱ्हे मोडले असतील तर मालकाशी तिथल्या तिथे बोलून घ्यावे. चाक धुवून डिकीत टाकावे, लावू नये. त्याची भोके लंबगोल झाली आहेत का, ते उजेडात बघायला हवे.

गॅरेजमध्ये फ्लॅटबेड टेकतो, गाडी उतरते आणि फिटर त्या भोकांवरून बोट फिरवतो. "पंक्चर कधी काढलं होतं?" तो विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता उरलेल्या तीन चाकांच्या नटांना एकेक करून पाना लावू लागतो.